एकोडीचा डबा

सुखदेवभाऊ दारात आले तेव्हा मी दाढी करत होतो. त्यांच्या हातात डबा होता. एवढ्या सकाळी डबा परत येण्याचं काही कारण नव्हतं. दुपारी मी तो दवाखान्यात न्यायचो आणि संध्याकाळी मीच परत आणायचो. आदल्या संध्याकाळी मात्र माय म्हणाली होती, "आज राहू दे, उद्या नेजो," म्हणून तो तिच्या खाटेजवळच राहिला होता. भाऊंनी डबा उंबऱ्याच्या आत ठेवला, ओट्यावर बसले, डोक्याचा दुपट्टा सोडून तोंडाशी धरला आणि म्हणाले, "माय गेली दिनू. पहाटं गेली." माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. आत शालिनीने, माझ्या बायकोने, त्या दिवसाचे तांदूळ धुवायला घेतले होते. ती भांडं हातात घेऊनच बाहेर आली, भाऊंकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. भाऊ म्हणाले, "मुरलीले कळवावं लागन." मला त्या क्षणी मुरलीचं नावसुद्धा ऐकावंसं वाटत नव्हतं. तरी चपला घातल्या आणि तार करायला निघालो.

गेली ती भागरताबाई, साकोली तालुक्यातल्या एकोडीची. माझी आई नव्हे. माझ्या मित्राची, मुरलीधरची आई, आणि सुखदेवभाऊ तिचा थोरला मुलगा. चार एकर धानाची शेती, अक्षरओळख नाही, आयुष्यात भंडाऱ्याच्या पुढे फारशी कधी गेली नाही. अशा बाईबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहून येण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण मी जे काही शिकलो ते तिच्या हातच्या भातावर शिकलो, तेव्हा पद्धत गेली खड्ड्यात. शेवटची सात-आठ वर्षं ही बाई एकाच गोष्टीसाठी जगली. जपानला शिकायला गेलेला मुरली एकदा डोळ्यांना दिसावा, बस. तो दिसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला उगाच आशेला लावून ठेवायची माझी इच्छा नाही. आशेने माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

मी वरठीचा. वडील स्टेशनावर पॉइंट्समन, आई मी शाळेत असतानाच वारलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि रोज सायकलने जाऊ-येऊ लागलो. वडिलांची ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, त्यामुळे घरात चूल पेटेल तेव्हा पेटे. इंग्रजीच्या एकत्र तासाला माझ्या शेजारी बसणारा एक काळासावळा, तेल चोपडलेला मुलगा चार-पाच दिवस मला पाहत होता. मधल्या सुट्टीत मी नळाचं पाणी पिऊन झाडाखाली बसायचो. एक दिवस तो समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू जेवत काहून नाही बे?" मी म्हटलं, भूक नसते. "मले तं असते," तो म्हणाला. "चाल, स्टँडवर जाऊ. डबा येऊन राहिला."

ती एसटी स्टँडवरची अकराची वेळ ज्याने अनुभवली नाही त्याला त्या काळचं भंडाऱ्याचं विद्यार्थीजीवन कळणार नाही. खेड्यांतून आलेली पोरं खोल्या करून राहायची, आणि त्यांच्या आया घरून डबे पाठवायच्या. एकोडीहून सुखदेवभाऊ सकाळी सायकलच्या हँडलला डबा अडकवून साकोलीला यायचे, भंडाऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. गाडी स्टँडवर लागली की ड्रायव्हरच्या सीटमागून डबे निघत. कोणाचा कोणता हे फडक्याच्या गाठीवरून ओळखायचं. लाखांदूरची गाडी जन्माची लेट, म्हणून लाखांदूरची पोरं कायम उपाशी आणि कायम इतरांच्या डब्यांवर डोळा ठेवून. त्यांच्या तोंडाकडे पाहत जेवण्याची कोणाची छाती नव्हती. शेवटी मुरलीच्या खोलीत चारपाच जण गोल बसत, मधे तो तीन खणांचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा, आणि त्यात भात, लाखोरीचं वरण, जवसाची चटणी. दुसऱ्या आठवड्यात खालच्या खणातला भात एकदम वाढला. मुरलीने काही सांगितलं होतं का विचारलं तर तो म्हणाला, "मी काही नाही सांगितलं. डबा चाटूनपुसून गेला, ते पाहूनच तिले समजलं का कोनी आणखी जेवून राहिला म्हणून."

डबा संध्याकाळच्या गाडीने परत जायचा आणि तो कधी रिकामा जायचा नाही. भरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची घरोघरची रीत. शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत जात नाही. पण खोलीत राहणाऱ्या पोराजवळ ठेवायला असणार काय? मुरली हाताला लागेल ते ठेवायचा. फुटाणे, कॉलेजच्या आवारातलं बकुळीचं फूल, फळ्याखाली पडलेला खडूचा तुकडा. एकदा सिनेमाचं अर्धं तिकीट ठेवलं आणि भाऊंकडून शिव्या खाल्ल्या. एकदा वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिकातली तरोट्याची फांदी ठेवली. दुसऱ्या दिवशी डब्यात तरोट्याची भाजी. पोराला ती खावीशी वाटते आहे असं समजून माय सकाळीच बांधावर गेली होती. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मुरली राजा झाला, तेव्हा नाटकातली मिशी त्याने डब्यात घातली. माय झाकण उघडून किंचाळली, सुरवंट समजून तिने ती चुलीकडे फेकली, आणि मग खरं कळल्यावर राखेतून काढून झटकून कोनाड्यात ठेवली. त्या कोनाड्यात तिचा मुलगा असा तुकड्या-तुकड्यांनी साठत होता. तिला वाचता येत नव्हतं, मुरलीला पत्र लिहायचा कंटाळा, त्यामुळे दोघांचं जे काही बोलणं होतं ते या डब्यातून चालायचं. भात उरला की पोराला बरं नाही, खडू आला की पोरगं वर्गात बसलं, पेढा आला की पास झालं.

बी.एस्सी. झाल्यावर मुरली नागपूरला विद्यापीठात गेला आणि मी एम.ए.साठी त्याच्या मागोमाग. वसतिगृहात मेस होती, पण माय ऐकते थोडीच. दर रविवारी साकोलीहून नागपूरच्या गाडीत डबा चढायचा आणि दुपारी आम्ही तो स्टँडवरून आणायचो. भात तोवर गार झालेला असे, वरणावर साय धरलेली, तरी आमच्या मजल्यावरची पोरं त्या वेळी बरोबर आमच्या खोलीत काहीतरी मागायला येत. कोणाला शाई हवी असे, कोणाला इस्त्री. मुरली तेव्हा धानावरच्या किडीचा अभ्यास करत होता. लहानपणी त्याने त्या किडीने अख्खं शेत बसलेलं पाहिलं होतं, लोंबी न धरता नुसत्या पोकळ नळ्या उभ्या राहिलेल्या. "मी इचा काही तं बंदोबस्त करीन दिनू, आणि मग एकोडीले जाऊन बसीन," असं तो म्हणायचा. संप असो, मोर्चा असो, निवडणुकीची हाणामारी असो, हा आपला प्रयोगशाळेत भिंगाखाली डोकं घालून. आम्ही त्याला पुस्तकी किडा म्हणायचो. तो विद्यापीठात पहिला आला आणि पुढे जपानला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आमच्यापैकी कोणाला नवल वाटलं नाही. एकोडीला मात्र लोक भाऊंना विचारत होते, जपान म्हणजे कलकत्त्याच्या अलीकडे की पलीकडे.

निघण्याच्या आधीचे दोन दिवस तो वरठीला आमच्याकडे होता, कारण मुंबईची गाडी आमच्या स्टेशनावर थांबायची. मायने निरोप एकोडीलाच घेतला. "मी ठेसनावर नाही येत," ती म्हणाली होती, "गाडी सुटताना मले पाहवत नाही." पण त्या दिवशीही सकाळी साकोलीच्या गाडीने डबा आला. मुरली स्वतः भंडाऱ्याला जाऊन घेऊन आला. आम्ही दोघं जेवलो, राहिलेलं त्याने प्रवासासाठी कागदात बांधून घेतलं. मी त्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर देत होतो तेवढ्यात त्याने विहिरीवर डबा धुतला, फडक्यात बांधला आणि भंडाऱ्याला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडे सोपवला, साकोलीच्या गाडीत टाकायला. गाडी आली. दारात उभा राहून तो हात हलवत राहिला. डोळे त्याचेही भरले होते, हे मला आज रागाच्या भरातसुद्धा नाकारता येत नाही.

पहिली दोन वर्षं पत्रं आली. मी तोवर भंडाऱ्याच्या शाळेत मास्तर झालो होतो. पत्र माझ्या पत्त्यावर येई आणि रविवारी मी ते घेऊन एकोडीला जाई. माय ओसरीवर समोर बसायची, डोक्यावरचा पदर कानामागे सारून. तिथे बर्फ पडतो, भात चिकट असतो, दोन काड्यांनी खातात. एका पत्रात त्याने लिहिलं होतं की इथेही सगळे घरून डबा आणतात, चौकोनी फडक्यात बांधून, आणि ती गाठ अगदी आपल्यासारखी. हे वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्याले कोन बांधून देते?" मी पत्र उलटसुलट पाहिलं. ते काही त्याने लिहिलेलं नव्हतं. मग पत्रं कमी झाली, मग नुसती नव्या वर्षाची चित्रांची कार्डं आली. शिक्षण संपलं, तिथेच नोकरी लागली. लग्न केल्याचं कळवलं तेही फोटोच्या मागे चार ओळींत. दर वर्षी पुढच्या वर्षी येणार होता. मी आणि भाऊ तिला सांगत राहिलो, येईल माय, कामाचा माणूस आहे, सवड मिळाली की येईल. ती मान हलवायची. कोणी म्हणालं की धान कापून झालं म्हणजे येईल, तर ती ओसरी सारवून ठेवायची.

मग दिल्लीचं झालं. दिल्लीला कसलीशी परिषद होती आणि मुरली त्यासाठी येऊन गेला. येऊन गेल्यावर कळवलं. लिहिलं होतं की दिवस फार थोडे होते, एकोडीला येणं जमलं नाही, मायला सांगू नकोस. मी सांगितलं. मी मास्तर आहे, शिव्या देता येत नाहीत म्हणून सांगितलं म्हणा हवं तर. तिने विचारलं, "दिल्ली कुठं आली?" मी म्हटलं, वरठीला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दिल्ली. ती सुपातलं धान पाखडत राहिली. मग म्हणाली, "लय दूर हाये मंग." मी परत येताना एसटीत बसून रडलो, आणि आजूबाजूला साकोलीच्या बाजारची माणसं होती त्याची मला लाज वाटली नाही.

या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. भाऊंनी भंडाऱ्याला आणलं तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहिलं नव्हतं. त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. ती येताना लुगड्यांच्या गाठोड्यात तो डबा घेऊन आली होती, तोच, जर्मनचा, कडी वाकलेली. शालिनीला म्हणाली, "पोरी, माह्यासाठी काही आनशील तं याच्यातच आनजो." खाणं म्हणाल तर तिला चार घासांवर जात नव्हतं. इतक्या पोरांना जेवू घातलेल्या बाईला अन्न जाईना, याच्याइतका वाह्यातपणा देवाने करू नये. संध्याकाळी डबा घरी आला की शालिनी तो घासायला घ्यायची, आणि रोज खालच्या खणात काहीतरी असायचं. चहाबरोबर मिळालेलं बिस्किट. शेजारच्या खाटेवरच्या बाईने दिलेली मोसंबीची फोड. कोणाच्या तरी प्रसादातलं तुळशीचं पान. शालिनी ते फेकायची नाही. तिला रीत माहीत होती.

मी मुरलीला तार केली, मग दुसरी केली. उत्तर आलं नाही. तेव्हा त्याच्या संस्थेच्या कागदावरचा नंबर घेऊन टपाल कार्यालयात गेलो आणि जपानचा ट्रंक कॉल मागितला. खिडकीमागची मुलगी आधी हसली, मग माझा चेहरा पाहून तिने नंबर लिहून घेतला. सबंध दुपार त्या बाकावर बसलो. लाइन मुंबईपर्यंत जाई आणि तुटे. लोक येऊन तिकिटं घेऊन जात होते, मनिऑर्डरी करत होते, आणि मला वाटत होतं की यांच्यापैकी कोणाला तरी धरावं आणि सांगावं, बाबा रे, माझी माय मरते आहे, जरा तू लावून पाहा. दिवस कलताना एकदाचा लागला. पलीकडून एका बाईचा आवाज, भाषा समजेना. मी इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, शेवटी मराठीतच ओरडलो, "मुरलीला सांगा, माय विचारते आहे." ती बाई फार नम्रपणे काहीतरी बोलली. मग खरखर झाली आणि लाइन गेली.

तसाच दवाखान्यात गेलो. माय भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कायले जीव खाऊन राहिला तू? तो येत नाही." मी नेहमीचं बोलायला लागलो, तार पोचली असेल, निघाला असेल. तिने हात वर करून थांबवलं. "मले ठाव हाये रे. आज नाही, गेला त्याच रोजी ठाव झालं. डबा रिकामा आला होता." ती विहीर, ते फडकं, ती गाठ सगळं समोर आलं... मी म्हणालो, "घाईत राहून गेलं असेल माय. गाडीची वेळ झाली होती. विसरला असेल."

"तो भुलला नाही दिनू. भुलणारा नव्हता तो. लहानपनापासून एक डाव भुलला नाही." ती थांबली, श्वास घेतला. "इथलं ठेवाले त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तू मान का हलवत होतीस? ओसरी का सारवत होतीस? "तुमाले बरं वाटे," ती म्हणाली. "सुखदेव म्हने येईन, तू म्हने येईन. मी कायले नाही म्हनू? पन तुले सांगतो, समजून काही होत नाही. मन तं स्टँडवरच बसून राहते." मग तिने विचारलं, साकोलीची गाडी आली का. मी म्हणालो, आली. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही, आणि थोड्याच दिवसांत भाऊ तो डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

त्या धांदलीत डबा कोणी उघडला नाही. शालिनीने तो फळीवर ठेवून दिला. एकोडीला तेरवीच्या दिवशी भाऊ माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी मायने त्यांना डबा धुवायला लावला. धुण्याआधी वरच्या खणातला एक घास भात काढून हातात धरून बसली, आणि धुऊन आणल्यावर तो खालच्या खणात ठेवला. "मी म्हटलं, माय, हे कायले? तं म्हने, दवाखान्यात दुसरं काही नाही ना बापा. शालूच्या घरी रिकामा कसा पाठवू?" हे सांगताना भाऊंना रडू आवरेना, आणि मला रडू येईना. मुरलीचं पत्र तेरवीनंतर आलं. फार वाईट वाटलं, असं त्यात लिहिलं आहे. त्यावर माझा विश्वास नाही असंही नाही. वाईट वाटलं असेल. त्या वाटण्याचं मी काय करू ते मला कळत नाही.

मी ठरवलं की डबा त्याला पाठवायचा. धुऊन, पुसून, रिकामा. त्याला बरोबर समजलं असतं. फळीवरून काढला, उघडला. खालच्या खणात तो घास होता, वाळून खडखडीत झालेला, तिच्या बोटांनी दाबलेला आकार तसाच. नळाखाली धरायला हात गेला नाही. शेवटी तसाच कापडात शिवला, वर पत्ता लिहिला आणि त्याच टपाल कार्यालयात नेला. पार्सलच्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "आत काय आहे?" मी घरून तयार करून आणलेलं उत्तर होतं, काही नाही, रिकामा आहे. ते तोंडातून निघेना. मागे रांग उभी होती. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "भात." तो म्हणाला, "गुरुजी, अन्न परदेशात पार्सलने जात नाही," आणि डबा माझ्याकडे परत सरकवला.

येताना स्टँडवरून आलो. साकोलीची गाडी लागली होती. आता बहुतेक पोरं मेसमध्ये जेवतात, डबा घ्यायला कोणी उभं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटमागे मी वाकून पाहिलं. मग हातातला डबा घेऊन घरी आलो आणि फळीवर ठेवून दिला.